भाषांतरकाराची खुर्ची

१९९४ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या दुकानांत ‘फायनल फँटसी ३’ नावाचा खेळ आला. जपानमध्ये हाच खेळ त्या वर्षीच्या एप्रिलात निघाला होता आणि तिकडे तो मालिकेतला सहावा होता. मधले तीन भाग इंग्रजीत आलेच नव्हते, म्हणून अमेरिकेतली मोजणी वेगळी. या खेळात शत्रूने टाकलेला मंत्र त्याच्यावरच उलटवणारा एक मंत्र आहे. जपानीत त्याचं नाव ‘रिफुरेकु’, चार अक्षरांत मावणारं. इंग्रजीत ‘रिफ्लेक्ट’ लिहायला सात अक्षरं लागतात आणि मंत्रांच्या यादीत जागा होती सहाच अक्षरांची. मग त्यातला पहिला स्वर काढून टाकला आणि शब्द बसवला. पडद्यावर तो छपाईची चूक वाटतो. तसं करणाऱ्याला स्पेलिंग येत नव्हतं असं नाही. त्याच्या हातात सहा चौकटी होत्या.

मी पुण्यात जपानीची भाषांतरकार आहे. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत जपानहून जी यंत्रं येतात, त्यांच्या पुस्तिका आणि पॅनेलवरच्या सूचना मी इंग्रजीत आणि मराठीत आणते. पॅनेलच्या एका बटणावर किती अक्षरं मावतील हे यंत्र तयार होतानाच ठरलेलं असतं आणि तेव्हा माझं नावही कुणाच्या यादीत नसतं. त्यामुळे त्या सहा चौकटी माझ्या रोजच्या ओळखीच्या आहेत. कामाबाहेरच्या वेळात मी गेली कित्येक वर्षं या खेळांची जपानी आणि इंग्रजी रूपं शेजारी ठेवून वाचते आहे. वाचता वाचता माझं एक मत पक्कं होत गेलं. जपानी खेळांचं इंग्रजी कधी चांगलं, कधी वाईट झालं, त्यात भाषांतरकाराच्या हुशारीचा वाटा असतोच. पण त्याला कामावर कधी बोलावलं आणि कुठे बसवलं याचा वाटा त्याहून मोठा आहे.

सुरुवातीला तर भाषांतर करण्याजोगं फारसं काही नसायचंच. १९७८चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ किंवा १९८०चा ‘पॅक-मॅन’ यांत शब्द मोजकेच. ‘पॅक-मॅन’चं जपानी नाव ‘पक-मॅन’ होतं. अमेरिकेत कुणी पहिल्या अक्षराची रेघ खरवडून त्याची शिवी करील या भीतीने ते बदललं, आणि लोकलायझेशन, म्हणजे खेळ परक्या बाजारासाठी जुळवून घेणं, तिथेच संपलं. निंतेंदोच्या अमेरिकी शाखेची गोष्टही शब्दांची नाही, न खपलेल्या मालाची आहे. तिचे प्रमुख मिनोरू अराकावा यांनी ‘रेडार स्कोप’ या खेळाची ३,००० यंत्रं मागवली, त्यातली जेमतेम हजार विकली गेली, आणि उरलेल्या २,००० यंत्रांत घालण्यासाठी शिगेरू मियामोतो यांनी १९८१ साली ‘डाँकी काँग’ तयार केला. परदेशी बाजारातली ती अडचण नसती तर त्यातला मारिओही जन्मला नसता. पुढे १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या परिसरात निंतेंदोने घरगुती यंत्र आणलं तेव्हा खरा बदल पेटीच्या रूपात केला होता. दोनच वर्षांपूर्वी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. म्हणून जपानी ‘फॅमिकॉम’चा लाल-पांढरा खेळण्यासारखा साज काढून त्याला करड्या रंगाचं, घरातल्या व्हीसीआरसारखं रूप दिलं आणि नावातही ‘गेम’ हा शब्द येऊ दिला नाही.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेली नकली यंत्रं याच फॅमिकॉमची भावंडं. टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ आणि त्यात खुपसायच्या ‘कॅसेटी’, असंच आम्ही म्हणायचो. त्या कॅसेटींत ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ असे, कारण ते एक अक्षरही न वाचता खेळता येत. आमच्या पिढीने जपानी खेळ भरपूर खेळले, पण त्यांतल्या गोष्टी आमच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. त्या गोष्टी रोल-प्लेइंग खेळांत, म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट पुढे नेण्याच्या खेळांत होत्या, आणि तिथे वाचल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही.

जपानमध्ये या प्रकाराचं वेड लावलं १९८६च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने. तो अमेरिकेत पोचायला १९८९ साल उजाडलं, आणि तेही ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावाने, कारण मूळ नाव तिथल्या एका जुन्या टेबलावरच्या खेळाने आधीच घेतलं होतं. जपानी खेळाडू खेळ थांबवताना एक लांबलचक सांकेतिक वाक्य वहीत उतरवून घ्यायचे आणि पुन्हा सुरू करताना तेच टंकायचे. अमेरिकी आवृत्तीत त्याऐवजी बॅटरी घातली, म्हणजे प्रगती कॅसेटमध्येच साठू लागली. संवाद जुन्या राजदरबारी इंग्रजीत लिहिले. एवढं करूनही माल पडून राहिला. शेवटी निंतेंदोने आपल्या मासिकाची वर्गणी भरणाऱ्याला हा खेळ फुकट दिला. हे मला प्रकाशनाच्या इतिहासातलं मोठं पाऊल वाटतं. वाचत वाचत खेळण्याची सवय नसलेल्या देशात त्यांनी आधी वाचक तयार केला आणि विक्री नंतर पाहिली.

त्याच सुमारास काही खेळांचं इंग्रजी जपानी कर्मचाऱ्यांनीच लिहिलं. ‘झिरो विंग’ या विमानांच्या खेळाची युरोपात गेलेली, मेगा ड्राइव्ह या यंत्रावरची आवृत्ती त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. २००० नंतर तिच्यातलं एक मोडकं वाक्य जगभर हसण्यावारी नेलं गेलं. मला त्या वाक्याचं कधी हसू आलं नाही. परक्या भाषेत, शब्दकोश उशाशी घेऊन, काम संपवून दाखवणारा कुणीतरी त्यामागे होता. जपानी कचेऱ्यांत ज्याला ‘नेटिव्ह चेक’ म्हणतात, म्हणजे ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्याकडून एकदा वाचून घेणं, ते तेवढं कुणी केलं नाही. वेळ नव्हता आणि पैसे द्यायची कुणाला गरज वाटली नाही.

आता टेड वूल्झी यांच्याकडे येते. हा माणूस माझ्या मनात बराच काळ घर करून आहे.

वूल्झी जपानी साहित्य शिकलेले. १९९१ साली ते ‘फायनल फँटसी’ काढणाऱ्या स्क्वेअर कंपनीच्या अमेरिकी शाखेत दाखल झाले. ही शाखा वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडमध्ये होती, मूळ खेळ तोक्योत घडत. म्हणजे खेळ जपानमध्ये विकायला जायचा आणि मग त्याचा मजकूर वूल्झींसमोर यायचा. ‘फायनल फँटसी ६’साठी त्यांना मिळाले सुमारे ३० दिवस. एक साम्राज्य, डझनाहून जास्त मुख्य पात्रं, एक अख्खी ऑपेरा, मध्यावर जगाचा विध्वंस आणि त्यानंतरची उजाड भटकंती, एवढा पसारा एका महिन्यात एका माणसाने इंग्रजीत आणायचा.

कॅसेट होती २४ मेगाबिटची, म्हणजे ३ मेगाबाइट. चित्रं, संगीत आणि संवाद सगळं त्यातच. जपानीत एक कांजी अक्षर पुरा शब्द होऊन बसतं. तोच शब्द इंग्रजीत पाच-सात अक्षरं खातो. जागा वाचवण्यासाठी प्रोग्रॅमर वारंवार येणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला एकच संकेत देत. तरीही पुरेना. मग वूल्झी पुन्हा पहिल्यापासून मजकूर घेऊन बसत आणि कापत. आपणच उभं केलेलं वाक्य आपणच तोडायचं हा या धंद्यातला सगळ्यांत दुखरा भाग असतो, आणि त्यांना तो अख्ख्या खेळभर करावा लागला.

वर निंतेंदोच्या अमेरिकी शाखेचे नियम होते. धार्मिक चिन्हं चालणार नाहीत, दारू नाही, नग्नता नाही, रक्त नाही. म्हणून मद्यालयाच्या पाटीवर ‘कॅफे’ आलं. पवित्र प्रकाशाच्या मंत्राचं नाव ‘होली’ होतं, ते ‘पर्ल’ झालं. चित्रातल्या काही स्त्रियांच्या अंगावर जास्तीचे कपडे चढले. दुसऱ्या खेळांत इस्पितळांच्या भिंतींवरचे क्रूस पुसले गेले. १९९३च्या डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावण्या झाल्या, पुढच्या वर्षी वयानुसार शिक्का मारणारी ईएसआरबी ही संस्था उभी राहिली, आणि तेव्हा कुठे हे नियम सैल पडू लागले. वूल्झींच्या कामाचा महत्त्वाचा काळ त्याआधीचाच.

त्यांच्यावर नंतरच्या पिढीने खूप टीका केली. मूळ अर्थ सोडला, विनोद स्वतःचे घातले, पात्रांचे स्वभाव बदलले, असे आरोप झाले. जपानी ओळीखाली इंग्रजी ओळ ठेवली की यातले काही आरोप खरे ठरतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण पानामागून पान वाचत गेलं की दुसरंही दिसतं. खलनायक केफ्का इंग्रजीत बोलतो तेव्हा त्याच्या वाक्यांना एक विकृत ताल आहे. सेलिस आणि लॉक या पात्रांमधला अबोला इंग्रजीतही अबोलाच राहतो. कापाकापीतून माणूस माणसासारखा बोलत राहावा ही धडपड त्यात स्पष्ट कळते. ३० दिवसांत हे जमवणाऱ्याविषयी मला मनापासून आदर आहे. स्क्वेअरची अमेरिकी शाखा रेडमंडहून लॉस एंजेलिसकडे हलली तेव्हा १९९६मध्ये वूल्झींनी कंपनी सोडली.

त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या रेडिंग या छोट्या गावी ‘वर्किंग डिझाइन्स’ नावाची एक छोटी कंपनी अगदी उलट्या दिशेने काम करत होती. व्हिक्टर आयर्लंड यांच्या हातात तिची सूत्रं. मोठ्या प्रकाशकांनी नाकारलेले जपानी खेळ त्यांनी घेतले, ‘लुनार’ मालिका त्यांतली सगळ्यांत प्रसिद्ध. त्यांचे विनोद अमेरिकी टीव्हीवरचे असत आणि काही खेळ त्यांनी मुळापेक्षा अवघड करून सोडले; ते मला पटत नाही. पण १९९९ साली त्यांनी काढलेल्या ‘लुनार’च्या पेटीत कापडावर छापलेला नकाशा होता, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची पुस्तिका होती, संगीताची तबकडी होती. इंग्रजी मजकूर कसा घडला याविषयीची टिपणंही त्यांच्या पुस्तिकांमध्ये असत. भाषांतरकाराने वाचकाशी थेट बोलावं ही कल्पना या धंद्यात तेव्हा नवीच होती. डिसेंबर २००५मध्ये ही कंपनी बंद पडली.

जागेची अडचण सीडीने सोडवली. १९९७चा ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर आला, सोनीने अमेरिकेत त्याच्या जाहिरातीवर अफाट खर्च केला आणि पश्चिमेत जपानी रोल-प्लेइंग खेळ घराघरांत पोचले. पण इतक्या प्रचंड खेळाचं इंग्रजी मुख्यतः एकट्या मायकेल बास्केट यांच्या खांद्यावर होतं. खेळात शिरल्यावर थोड्याच वेळात एक आजारी माणूस भेटतो आणि त्याच्याविषयीच्या वाक्यात कर्ता एकवचनी तर क्रियापद अनेकवचनी आहे. लाखो लोकांनी ते वाक्य वाचलं. चौकटी मोठ्या झाल्या, जाहिरात मोठी झाली, आणि भाषांतरकाराला मात्र पहिल्यासारखंच एकटं आणि शेवटी बसवलं होतं.

यातून स्क्वेअरने धडा घेतला. त्याच वर्षी रिचर्ड हनीवुड नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस तोक्योत कंपनीत आला. त्याला प्रोग्रॅमिंग येत होतं आणि जपानीही, आणि दोन्ही एकाच डोक्यात असणं किती मोलाचं आहे हे मी माझ्या कामावरून शपथेवर सांगू शकते. भाषांतरकार ‘इथे जागा पाहिजे’ म्हणतो तेव्हा ‘शक्य नाही’ हे उत्तर त्याला निमूट ऐकावं लागतं. हनीवुडला ते शक्य आहे की नाही हे स्वतःला तपासता येत होतं.

त्याच्या वाट्याला सुरुवातीलाच ‘झेनोगिअर्स’ आला. धर्म, मानसशास्त्र, जनुकशास्त्र आणि देवाशी झुंज, असा तो खेळ. त्यावर नेमलेले इतर भाषांतरकार मध्येच सोडून गेले आणि मोठा भार त्याच्या एकट्यावर पडला. त्यानंतरच्या ‘फायनल फँटसी ८’च्या वेळी तर कंपनीतल्याच लोकांना मजकुराच्या फाइली नीट मिळेनात. खेळाडू लबाडी करण्यासाठी यंत्राला जे ‘गेमशार्क’ नावाचं उपकरण लावतात, ते लावून आपल्याच कंपनीच्या खेळातून त्यांनी संवाद उकरून काढले. हे वाचताना माझ्या छातीत कळ आली. फाइल शेजारच्या टेबलावर आहे, पण ती भाषांतरकाराला द्यायची असते हे कुणाच्या ध्यानातच नाही, ही स्थिती मी अनुभवली आहे.

हनीवुडने हळूहळू रीत बसवली. काम सुरू करण्याआधी भाषांतरकारांनी खेळ खेळायचा, मालिकेतले आधीचे भाग पाहायचे, पात्रांची बोलण्याची ढब ठरवायची आणि शब्दसूची करायची. संपादक वेगळा. प्रश्न पडला की लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी जायचं. वाचायला हे साधं वाटतं. या साध्या गोष्टी मिळवायला त्या विभागाला वर्षं लागली.

त्याचं फळ २००० साली दिसलं. ‘वेग्रंट स्टोरी’ या खेळाचं इंग्रजी अलेक्झांडर ओ. स्मिथ यांनी केलं, संपादन अमांडा कात्सुरादा यांचं. दिग्दर्शक यासुमी मात्सुनो यांचं मूळ जपानी बऱ्यापैकी सरळ, आजच्या वळणाचं आहे. स्मिथ यांनी त्याला जुन्या नाटकांच्या घडणीचं, वजनदार इंग्रजी दिलं. हे स्वातंत्र्य वूल्झींनीही घेतलं होतं. फरक हा, की इथे विचार करायला सवड होती आणि पाठीशी संपादक होता. खेळातल्या अंधाऱ्या तळघरांत आणि ओसाड शहरात ती भाषा इतकी शोभते की मी जपानी रूप नंतर वाचलं तेव्हा ते मला किंचित फिकं वाटलं.

पुढच्या वर्षीच्या ‘फायनल फँटसी १०’मध्ये पात्रांना आवाज आले आणि नवीन चौकटी आल्या: तोंडाची हालचाल जपानी उच्चारांप्रमाणे ठरलेली, इंग्रजी वाक्य तेवढ्याच वेळात बसवायचं. २००५च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ८’ने मात्र सगळ्यांच्या पुढे मजल मारली. जपानमध्ये हा खेळ मुका होता. इंग्रजी आवृत्तीसाठी ब्रिटनच्या वेगवेगळ्या बोलींत आवाज ध्वनिमुद्रित केले, संगीत वाद्यवृंदाचं घेतलं, मेनूची मांडणी नव्याने केली. अमेरिकेत पहिल्यांदाच त्यावर ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हे खरं नाव छापलं गेलं. जपानी खेळाडूंना त्याच खेळात आवाज ऐकायला २०१५ची, थ्रीडीएस या यंत्रावरची आवृत्ती यावी लागली.

दुसरीकडे जपानला लपवायचं की दाखवायचं हा वाद चालू होता. अ‍ॅटलस कंपनीने १९९६ साली ‘पर्सोना’ अमेरिकेत आणला तेव्हा शाळकरी जपानी पात्रांची नावंच काय, चेहरेदेखील बदलले. एकाला कृष्णवर्णीय अमेरिकी केलं. २००८मध्ये त्याच मालिकेतल्या ‘पर्सोना ४’मध्ये मुलं एकमेकांना ‘सान’ आणि ‘सेनपाइ’ ही जपानी संबोधनं लावत इंग्रजी बोलू लागली. कॅपकॉमच्या कोर्टाच्या खेळाचा वकील फीनिक्स राइट २००५ साली लॉस एंजेलिसमध्ये राहायला आला; मालिका पुढे सरकली तशी जपानी देवळं आणि आत्म्यांशी बोलणाऱ्या घराण्याची गावं त्या अमेरिकी शहराच्या आसपास उगवत गेली आणि भाषांतरकार जॅनेट शू यांना तो देखावा कसाबसा जुळवून घ्यावा लागला. सेगाचा पहिला ‘याकुझा’ २००६मध्ये इंग्रजी आवाजांत निघाला. पुढचे कितीतरी भाग जपानी आवाज ठेवून खाली इंग्रजी ओळी देत आले. वाचकाला परकं काही झेपणार नाही हा प्रकाशकांचा समज बारा-पंधरा वर्षांत उतरला.

तो उतरवण्यात हौशी भाषांतरकारांचा मोठा वाटा आहे. ‘फायनल फँटसी ५’ अमेरिकेत आलाच नव्हता. १९९७-९८च्या सुमारास ‘आरपीजीई’ या गटाने स्वतःच त्याचं इंग्रजी करून वाटलं, कंपनीची अधिकृत आवृत्ती त्यानंतर १९९९मध्ये आली. १९९५च्या ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ला अधिकृत इंग्रजी २०१९ला मिळालं, तोवर दोन दशकं लोक हौशी भाषांतरच वाचत होते. परवानगी नव्हती हे खरं. पण चौकटी मोठ्या करायला यंत्राच्या भाषेत शिरणारे, एकेका ओळीवर भांडणारे आणि मुदत कुणी दिलेली नसताना वर्षानुवर्षं राबणारे हे लोक होते.

२०२३च्या ‘फायनल फँटसी १६’पर्यंत तर क्रमच उलटला. भाषांतरकार मायकेल-क्रिस्टोफर कोजी फॉक्स लेखनाच्या टप्प्यापासून तोक्योतल्या टीममध्ये बसले होते. अभिनय ब्रिटिश नटांचा, चेहऱ्यांच्या हालचाली इंग्रजी उच्चारांवर बेतलेल्या, आणि ओठांशी जमवून घ्यायची कसरत या वेळी जपानी आवाजांच्या वाट्याला आली. खेळ सगळीकडे एकाच दिवशी निघाला.

तरी सगळं पोचलेलं नाही. शिगेसातो इतोई यांचा ‘मदर ३’ एप्रिल २००६मध्ये जपानात आला. क्लाइड मँडेलिन हे व्यवसायाने भाषांतरकार. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ऑक्टोबर २००८मध्ये त्याचं पूर्ण इंग्रजी लोकांसमोर ठेवलं. पुढे मँडेलिन यांनी ते काम निंतेंदोला विनामूल्य देऊ केलं. फेब्रुवारी २०२४मध्ये निंतेंदोने ‘मदर ३’ आपल्या स्विच या यंत्राच्या सेवेत आणला, फक्त जपानसाठी, फक्त जपानीत. अधिकृत इंग्रजी आवृत्तीची वाट लोक अजून पाहताहेत, आणि त्यांच्यात मीही आहे. मला तो खेळ जपानीत वाचता येतो, पण दोन्ही रूपं शेजारी ठेवून वाचायची आहेत.